संपाच्या दिवशी मी लॉग-इन केलं

गोष्ट २०२२ च्या पावसाळ्यातली आहे. मी वाशीच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि संध्याकाळी सहा ते अकरा एका ॲपसाठी किराणा पोचवायचो. कोपरखैरणेत त्यांचं गोडाऊन होतं. बाहेर बोर्ड नाही, शटर अर्धं उघडं, आत रॅकमधून सामान काढणारी मुलं आणि बाहेर फुटपाथवर चाळीसेक गाड्या. त्या गाड्यांवर बसून मोबाइलकडे टक लावून बघणारे आम्ही.

जुलैतल्या एका सकाळी ॲपवर मेसेज आला. एका ऑर्डरमागे ३५ रुपये मिळायचे, ते २५ झाले होते. विचारायला समोर कुणी माणूस नव्हता. गोडाऊनचा मॅनेजर म्हणाला, "माझ्या हातात काही नाही, वरून आलंय." त्या रात्री आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घणसोलीच्या एका मुलाने लिहिलं की शुक्रवार, शनिवार, रविवार कुणीही लॉग-इन करायचं नाही. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता, आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात माझाही एक अंगठा होता.

शुक्रवारी संध्याकाळी धो धो पाऊस होता. मी घरी बसलो होतो. सात वाजता ॲपचं नोटिफिकेशन आलं: आज प्रत्येक ऑर्डरवर ६० रुपये जादा. अर्ध्या तासाने ७५. मी उठलो, रेनकोट चढवला आणि कोपरखैरणेच्या गोडाऊनवर न जाता वाशीच्या गोडाऊनवर जाऊन लॉग-इन केलं. तिकडे मला कुणी ओळखत नव्हतं. पाच तासांत १,८४० रुपये कमावले. इतके पैसे मी एका दिवसात कधीच कमावले नव्हते.

सोमवारी रेट ३२ झाला, सगळ्यांसाठी. माझ्यासाठीसुद्धा. आणि तीन जणांचे आयडी कायमचे ब्लॉक झाले. त्यात दादा होता.

या गोष्टीला आता बराच काळ लोटला. मी महापेच्या एका ऑफिसात नोकरीला आहे आणि माझा महिन्याचा पगार एक तारखेला खात्यात येतो. पण तो शुक्रवार अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मी नेमकं काय चुकीचं केलं, हे मला शब्दांत मांडता येत नव्हतं. हा लेख म्हणजे ते मांडण्याचा प्रयत्न आहे.

हिशोब माझ्या बाजूने होता

आधी माझी बाजू मांडतो, कारण ती वाटते तितकी कच्ची नाही. मी कायदा मोडला नाही. कुणाला मारलं नाही, कुणाचं नाव कंपनीला कळवलं नाही. मी लॉग-इन केलं नसतं तरी रेट ३२ च झाला असता. मी केलं, तरी ३२ च झाला. चाळीस जणांत एक माणूस इकडे-तिकडे झाल्याने काय फरक पडतो?

अमेरिकन अर्थतज्ज्ञ मॅन्सर ओल्सन यांनी १९६५ साली एका पुस्तकात नेमका हाच हिशोब मांडला. फायदा जर सगळ्यांना मिळणार असेल, तर शहाणा माणूस कष्ट दुसऱ्यांना करू देतो आणि फायदा आपण घेतो. अडचण एवढीच की सगळेच शहाणे निघाले तर फायदा कुणालाच मिळत नाही. माझा हिशोब बरोबर होता, पण इतर लोक तो हिशोब करणार नाहीत या भरवशावरच तो उभा होता.

त्यातही ॲपने एक नवी गंमत केली होती. संपावर जितकी जास्त मुलं, तितक्या ऑर्डर तुंबणार आणि तितका जादा रेट वाढत जाणार. म्हणजे माझ्या फितुरीची किंमत माझ्याच सोबत्यांच्या निष्ठेने वाढवली होती. मला मिळालेले ते ७५ रुपये कंपनीच्या तिजोरीतून आले, पण ते मिळण्याचं कारण पावसात भिजत गेटपाशी उभी असलेली मुलं होती.

ओल्सन यांना कामगार संघटनांचा विचार करावा लागला, कारण त्यांच्या देशात हा वाद तेव्हा ताजा होता. १९३५ च्या वॅगनर कायद्याने अमेरिकेतल्या कामगारांना संघटना करण्याचा आणि मालकाशी सामुदायिक वाटाघाटी करण्याचा हक्क दिला. १९३६ च्या डिसेंबरात फ्लिंट शहरात जनरल मोटर्सचे कामगार कारखान्याच्या आतच ठिय्या देऊन बसले आणि ४४ दिवसांनी कंपनीने त्यांची संघटना मान्य केली. पुढच्या वीस वर्षांत तिथे दर तीन कामगारांमागे साधारण एक जण युनियनमध्ये होता. मग प्रश्न आला की युनियनने मिळवलेली पगारवाढ सगळ्यांनाच मिळते, तर वर्गणी न देणाऱ्याचं काय करायचं? युनियनचं म्हणणं, सदस्य असेल त्यालाच कामावर घ्या. विरोधकांचं म्हणणं, ही सक्ती झाली, माणसाला एकटं राहण्याचं स्वातंत्र्य हवं. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने पारडं दुसऱ्या बाजूला झुकवलं. नव्या कामगाराला आधीपासून सदस्य असण्याची अट बेकायदा ठरली आणि कामावर लागल्यावर सदस्य होण्याच्या सक्तीवरही बंदी घालायची मुभा राज्यांना मिळाली. आज तिथे युनियनमध्ये असलेल्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आहे. त्याला कारखाने बंद पडणं, देशाबाहेर जाणं अशी इतरही कारणं आहेत. पण 'मला तर फायदा असाच मिळतोय' हेही एक कारण आहेच.

गणपतीची वर्गणी आणि तुमचा रविवार

'मी मागितलं नव्हतं' हा बचाव तुम्हीही कधीतरी केला असेल. सोसायटीत गणपतीची वर्गणी मागायला मुलं येतात. आपण म्हणतो, मंडप मी घालायला सांगितला नव्हता, स्पीकर मी लावायला सांगितला नव्हता. मग मी का देऊ?

रॉबर्ट नोझिक नावाच्या तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये असंच उदाहरण दिलं होतं. समजा तुमच्या वस्तीत लोकांनी लाउडस्पीकर बसवला. रोज एक जण त्यावर गाणी लावतो, गप्पा मारतो. तुम्ही खिडकीत उभं राहून कधीकधी ऐकलंत, हसलातही. आता तुमचा नंबर आला. एक अख्खा दिवस तुम्ही द्यायलाच हवा का? नोझिकचं उत्तर आहे, नाही. दुसऱ्याने तुमच्यावर उपकार लादायचे आणि मग वसुलीला यायचं, हे चालणार नाही.

मला हे पटतं. पण माझ्या शुक्रवाराला ते लागू होत नाही. स्पीकर माझ्या कानावर आपोआप पडतो, तसा ३२ चा रेट माझ्यावर पडला नव्हता. मला तो हवा होता. रेट कमी झाला तेव्हा ग्रुपवर सगळ्यात जास्त शिव्या मीच घातल्या होत्या. मी अंगठा दिला होता. माझा अंगठा बघून कदाचित आणखी कुणीतरी घरी बसलं असेल. मागून, वाट बघून, हात पुढे करून घेतलेली गोष्ट फुकट मिळाली म्हणून लादलेली ठरत नाही.

आणि काही गोष्टी तर इतक्या जुन्या झाल्या आहेत की त्या कुणी मिळवून दिल्या हेच आपण विसरतो. रविवार ही त्यातलीच एक. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारपुढे ठेवलं. आठवड्याला एक सुट्टी, ही त्यातली एक मागणी होती. ती मान्य व्हायला १८९० चा जून उजाडला. सह्या केलेल्यांतले किती जण तोवर गिरणीत टिकले असतील, किती गावी परतले असतील? आपण दर रविवारी उशिरा उठतो ते त्यांच्या जिवावर. त्यांचं देणं त्यांना परत करता येणार नाही. ते पुढच्यालाच द्यावं लागतं.

टोळी

माझे वडील माथाडी आहेत. आम्ही मूळचे पाटण तालुक्यातले. आजोबा मशीद बंदरला हमाली करायचे. गाववाल्यांच्या गाळ्यात वीस-पंचवीस जण राहायचे, खाणावळीत जेवायचे. पाठीवर गोणी आहे तोवर मजुरी, ताप आला की शून्य. साठच्या दशकात अण्णासाहेब पाटलांनी या लोकांची संघटना बांधली. अण्णासाहेबही पाटण तालुक्यातलेच, आमच्या घरात देवांच्या शेजारी त्यांचा फोटो आहे. त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. ऐंशीच्या दशकात कांदा-बटाटा मार्केट मुंबईतून इकडे आलं, १९९६ मध्ये भाजी आणि फळांचा बाजारही आला, आणि त्यांच्या मागोमाग आमच्यासारखी हजारो घरं खाडी ओलांडून कोपरखैरणे-घणसोलीत आली.

हा कायदा नीट समजून घेण्यासारखा आहे. हमालाला एक मालक नसतो. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या गाळ्यावर. मग प्रॉव्हिडंट फंड कुणी भरायचा? व्यापारी म्हणणार, हा माझा नोकर नाही. (ओळखीचं वाटतंय? ॲप आम्हाला 'पार्टनर' म्हणायचं.) कायद्याने यावर मंडळाचा तोडगा काढला. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी. व्यापाऱ्यानेही नोंदणी करायची, कामगारानेही. व्यापारी मजुरी मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरतो. मंडळ कामगाराला महिन्याचा पगार देतं आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवापाणी बघतं. हमाल कुणाचाच नोकर नसला तरी त्याचं म्हातारपण उघड्यावर पडत नाही.

आता माझ्या प्रश्नाकडे या बाजूने बघा. या व्यवस्थेत ओल्सनचा शहाणा माणूस काय करेल? काही नाही. त्याला बाहेर राहून फायदा घेण्याची सोयच नाही. एखादा व्यापारी लेव्ही चुकवून शेजाऱ्यापेक्षा स्वस्तात माल उतरवू शकत नाही, निदान कायद्याने तरी नाही. जे काम आधी प्रत्येकाच्या सदसद्विवेकावर सोडलेलं होतं, ते नियमावर आलं. २०२३ मध्ये राजस्थानने ॲपवर काम करणाऱ्यांसाठी कायदा केला, तेव्हा त्यातही हीच बांधणी दिसली: नोंदणी, मंडळ आणि प्रत्येक व्यवहारामागे थोडं शुल्क. हमालांनी पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी शोधलेली वाट मोबाइलच्या काळातही चालते.

कायद्याच्याही खाली टोळी असते. वडिलांच्या टोळीत एक मुकादम आणि पंधरा-सोळा माणसं. दिवसभराचं काम एकत्र मोजायचं आणि वाटा सारखा. कुणाची कंबर धरली तर बाकीचे त्याच्या वाटणीच्या गोण्या ओढतात. आणि कुणी मुद्दाम अंग चोरलं तर? मी वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, "अंग चोरणारा लपतोय कुठं? गोणी एकानं उचलून पाठीवर द्यावी लागती. द्यायला कोण आलं न्हाई, की कळतंय."

आमच्या ॲपवर कुणाला कुणाच्या पाठीवर गोणी द्यावी लागत नव्हती. आम्ही चाळीस जण एकाच फुटपाथवर होतो, पण प्रत्येकाच्या हातात वेगळी खिडकी होती. मी वाशीला जाऊन लॉग-इन केलं ते कुणाला दिसलं नाही, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर दिसणार नाही म्हणूनच मी ते केलं. आज मागे वळून बघताना मला हीच माझ्याविरुद्धची सगळ्यात मोठी साक्ष वाटते. माझा हिशोब जर इतका निर्दोष होता, तर मी कोपरखैरणेच्या गेटवरून का नाही गेलो?

सगळ्यांचं देणं सारखं नसतं

पण त्या शुक्रवारी लॉग-इन करणारा मी एकटा नव्हतो. बिहारहून आलेला एक मुलगा होता. गाडी भाड्याची, दिवसाला ठरावीक पैसे गाडीमालकाला द्यावेच लागायचे, गाडी फिरो वा उभी राहो. तुर्भ्यात एका खोलीत आठ जण. ग्रुपवरची सगळी चर्चा मराठीत झाली होती आणि त्याला कुणीही नीट समजावून सांगितलं नव्हतं. संपाच्या तीन दिवसांचं भाडं कोण भरणार, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आला नाही. त्यानेही लॉग-इन केलं. त्यालाही मी फितूर म्हणू का?

इथे मला बाबासाहेब आंबेडकरांची आठवण होते. १९२८ च्या मुंबईतल्या गिरणी संपाच्या वेळी त्यांनी एक अवघड प्रश्न लावून धरला. गिरणीत चांगला पगार विणकाम खात्यात होता आणि तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धागा तुटला की तोंडाने ओढून कांडीत भरावा लागे आणि सवर्ण कामगारांना ते 'बाटणं' नको होतं. मालकाविरुद्ध एकजुटीची हाक देणारे स्वतःच्या खात्याचं दार मात्र बंद ठेवून होते. मग ज्याच्यासाठी दार बंद आहे त्याने कुणाशी निष्ठा ठेवायची?

हेच आंबेडकर दहा वर्षांनी, संपावर बंधनं घालणारं विधेयक मुंबई विधिमंडळात आलं तेव्हा, त्याच्याविरुद्ध उभे राहिले. माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध काम करायला लावणं म्हणजे गुलामी, ही त्यांची भूमिका होती. ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांसोबत उतरला. मला या दोन भूमिकांत विसंगती दिसत नाही. संपाचा हक्क सगळ्यांचा आहे, पण एकजुटीची मागणी करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. तो समोरच्याला मोजून, त्याची अडचण आपल्या मागण्यांत धरून कमवावा लागतो. अमेरिकेच्या त्या वॅगनर कायद्यातूनही शेतमजूर आणि घरकामगार वगळलेले होते, आणि दक्षिणेत हे काम करणाऱ्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते.

या मापाने मोजलं तर त्या बिहारच्या मुलाचं देणं फार थोडं होतं. उलट आम्हीच त्याचे देणेकरी होतो. पण माझं तसं नव्हतं. चर्चा माझ्या भाषेत झाली होती. माझ्या डोक्यावरचं छप्पर वडिलांच्या माथाडी नोकरीतून आलेलं होतं, माझी फी त्यांच्या बोनसमधून गेली होती. तीन दिवस न कमावल्याने माझं काहीही बिघडणार नव्हतं. युनियनच्या जिवावर वाढलेला मुलगा संप फोडायला गेला होता.

पण युनियन तरी कुठे धुतल्या तांदळाची?

हा प्रश्न मित्र हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारी उद्योजक करतात, आणि खरे माथाडीसुद्धा त्याबद्दल चिडून बोलतात. ज्याच्याकडे बिल्ला आहे त्याला संरक्षण आणि शेजारी तीच गोणी उचलणाऱ्या बिनबिल्ल्याच्या मुलाला काही नाही, हेही मी मार्केटात पाहिलंय. एकदा आत गेलेला माणूस दार लावून घेतो, हा धोका प्रत्येक संघटनेत असतो.

आणि संप हरतातही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. १९४६ च्या कायद्याप्रमाणे त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा होता, जिच्यावर यातल्या बहुतेकांचा विश्वास उरला नव्हता. संप कधी अधिकृतपणे मिटलाच नाही. हळूहळू लोक कामावर परतले, हजारो कायमचे घरी बसले, गिरण्यांच्या जागी पुढे टॉवर आणि मॉल आले. वर्षभर चूल बंद ठेवून शेवटी गेटवर परत आलेल्या कामगाराला फितूर म्हणण्याची माझी हिंमत नाही.

म्हणून मी असं म्हणणार नाही की प्रत्येक संपात उतरलंच पाहिजे, किंवा प्रत्येक युनियनची पावती फाडलीच पाहिजे. युनियनचं ऑफिस चुकू शकतं, पुढारी विकला जाऊ शकतो. माझं देणं ऑफिसचं नव्हतंच. ते त्या तीन मुलांचं होतं ज्यांचे आयडी गेले आणि त्यांच्या बदल्यात माझ्या प्रत्येक ऑर्डरवर सात रुपये वाढले. मी पुढे आठ महिने ते काम केलं. सात रुपये गुणिले किती, हा हिशोब मी एकदा मांडायला घेतला आणि अर्धवट सोडला.

दादा

गेल्या दिवाळीत मी घणसोलीला दादाच्या घरी गेलो. आता तो स्वतःचा टेम्पो चालवतो. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं आणि मग मी सांगून टाकलं.

तो म्हणाला, "माहीत होतं मला. वाशीला माझा मावसभाऊ होता. त्याच रात्री फोन आला त्याचा."

"मग ग्रुपवर का नाही टाकलंस?"

"टाकलं असतं तर काय झालं असतं? पोरांनी तुला चार शिव्या घातल्या असत्या, तू ग्रुप सोडला असतास. पुढच्या वेळी एक माणूस कमीच झाला असता ना." मग थोडं थांबून म्हणाला, "पण राग आला होता. खोटं कशाला बोलू."

पुढची वेळ आलीच नाही, कारण त्याचा आयडी गेला आणि त्याच्यानंतर तसं काही लिहायची कुणाची छाती झाली नाही. मीही लिहिलं नाही. निघताना मी त्याला १,८४० रुपये द्यायचा विचार करत होतो, खिशात वेगळे काढून ठेवले होते. ते मला काढता आले नाहीत. ते दिले असते तर माझा हिशोब मिटला असता, त्याचा नाही.

घरी आलो तर वडील जेवायला बसले होते. त्यांना सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "त्येच्या टेम्पोचा हप्ता चालू हाय का अजून?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.